न मागितलेलें दर्शन

शहरांत राहणाऱ्या माणसाला दिवसभरांत किती जणांचें दर्शन घडतें, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. आप्तांचें, शेजाऱ्यांचें व कचेरींतील सोबत्यांचें दर्शन त्याला हवें असतें. निदान अपेक्षित तरी असतें. परंतु घराचें फाटक ओलांडून तो चौकांत येतो न येतो, तोंच हात जोडून उभे असलेले पांच-पन्नास अनोळखी चेहरे त्याच्या स्वागतास सिद्ध असतात. एकाचा वाढदिवस असतो. दुसऱ्याची कुठल्याशा आघाडीच्या उपाध्यक्षपदीं नियुक्ति झालेली असते. तिसरा अद्याप कांहींच झालेला नसतो व म्हणून त्याच्या पदामागें 'भावी' हें विशेषण लावलेलें असतें. त्यांच्याहून उंच जागीं दागिने, सदनिका व शिकवणीचे वर्ग यांच्या जाहिराती झळकत असतात. या गर्दींतून रस्त्याचें नांव सांगणारी पाटी व सिग्नलचा दिवा शोधून काढणें, हें वाहन चालविणाऱ्याचें एक कसबच होऊन बसलें आहे.

जाहिरात ही वस्तु मुळांतच वाईट आहे, असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. वर्तमानपत्राचा अंक वाचकाला स्वस्त पडतो, तो त्यांतील जाहिरातींच्या उत्पन्नामुळें. १९६७ च्या नोव्हेंबर महिन्यांत मुंबई, पुणें व नागपूर येथें विविध भारतीवरून जाहिराती सुरू झाल्या. श्रोत्यानें गाणें ऐकलें व गाण्याच्या जोडीला चार वाक्यें साबणाचीं वा चहाचीं ऐकून घेतलीं. या व्यवहारांत एक अलिखित करार आहे. ऐकणाऱ्याला कांहीं मिळतें आणि न आवडल्यास पान उलटण्याची वा बटण फिरविण्याची मुभा त्याला असते. चौकांतील फलकाला उलटावयाचें पान नाहीं व फिरवावयाचें बटणही नाहीं. रस्ता नागरिकाच्या कराचा, पदपथ त्याच्या चालण्याचा, झाड त्याच्या सावलीचें. आणि अनधिकृत फलक यांपैकीं प्रत्येकाचा उपयोग करून मोबदल्यादाखल कांहींच देत नाहीं.

या प्रकाराला पूर्वीं एक नैसर्गिक आळा होता. फलक हातानें रंगवावा लागे. कापड ताणून पेंटर त्यावर अक्षरें आंखी; चेहरा काढावयाचा तर कसबी हात लागे, दिवस मोडत आणि पैसेही पडत. त्यामुळें, फलक लावण्याइतका प्रसंग मोठा आहे काय, हा विचार करणें भाग होतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संगणकावरून छापलें जाणारें फ्लेक्स आलें आणि हा आळा सुटला. प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या या पडद्यावर कोणताही चेहरा कांहीं मिनिटांत उमटतो व त्याचें मोल चौरस फुटांवर ठरतें. सायंकाळीं छायाचित्र द्यावें, रात्रीं फलक चौकांत लागावा, इतकें तें सोपें झालें. हौस पूर्वींचीच राहिली. तिला थोपविणारा वेळ व खर्च तेवढा नाहींसा झाला. अक्षरें रंगविणाऱ्या पेंटरांचा धंदा बसला, तो निराळाच. शिवाय हा पडदा कुजत नाहीं. प्रसंग संपल्यावर तो एखाद्या झोपडीचें छप्पर किंवा हातगाडीवरचें आच्छादन होतो आणि तेथेंही तो चेहरा पावसापाण्यांत हसतच राहतो.

राजकीय फलकाची रचना बहुधा ठरलेली असते. सर्वांत वर राष्ट्रपुरुष, त्यांच्याखालीं पक्षश्रेष्ठी, मग शहराचे नेते, मध्यभागीं उत्सवमूर्ति आणि तळाशीं टपालाच्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची 'शुभेच्छुक' मंडळी. कोणाचा चेहरा किती मोठा, यावरून त्याचें पक्षांतील वजन जाणकार ओळखतात. थोडें बारकाईनें पाहिल्यास ध्यानांत येतें कीं, हा मजकूर नागरिकासाठीं लिहिलेलाच नाहीं. पाणी कोणत्या वेळीं येणार, उखडलेला रस्ता केव्हां दुरुस्त होणार, यांविषयीं त्यांत अक्षरही नसतें. तळचे लोक वरच्यांस आपली निष्ठा दाखवितात, वरचे ती मोजून घेतात आणि प्रतिस्पर्धी गटाला हा चौक कोणाचा हें कळतें. नागरिकाचे डोळे या व्यवहारांत साक्षीदाराचे म्हणून वापरले जातात आणि साक्षीदाराची संमति मात्र कोणी विचारीत नाहीं.

यावर कायदा नाहीं, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. महाराष्ट्रांत १९९५ सालीं मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम झाला. त्यान्वयें तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा सांगितल्या आहेत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशन या संस्थेनें जनहित याचिका केली. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयानें जानेवारी २०१७ मध्यें निकाल देऊन बेकायदा फलकांचा बंदोबस्त करण्याविषयीं राज्यांतील महापालिकांना सविस्तर आदेश दिले. आपले कार्यकर्ते असे फलक लावणार नाहींत, अशी हमी कांहीं राजकीय पक्षांनींही न्यायालयाला दिली होती. तरीही २०२४ सालीं त्याच न्यायालयाला त्याच विषयावर पुन्हा तीव्र नापसंति व्यक्त करावी लागली.

हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न असता, तर नाक मुरडून गप्प बसतां आलें असतें. परंतु ५ ऑक्टोबर २०१८ रोजीं पुण्यांतील जुना बाजार चौकांत रेल्वेच्या जागेवरील फलकाचा लोखंडी सांगाडा कापून उतरविला जात असतां तो खालीं उभ्या असलेल्या वाहनांवर कोसळला व चौघांचे प्राण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजीं पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथें वादळी पावसापासून आडोसा घेतलेल्या पांच जणांवर फलक पडला. आणि १३ मे २०२४ च्या दुपारीं मुंबईंत घाटकोपरच्या छेडानगर भागांत धुळीचें वादळ उठलें तेव्हां पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या माणसांवर एक अजस्र फलक आडवा झाला. त्यांत १७ जण मरण पावले. मुंबईंत ४० फूट लांब व ४० फूट रुंद एवढ्याच फलकास अनुमति होती; हा १२० फूट लांब व तितकाच रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळानें नऊपट. तो कोणास दिसला नाहीं, असें म्हणण्याची सोय नाहीं, कारण दूरवरून दिसावा याचसाठीं तो उभारलेला होता. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यांतील, नियम महापालिकेचे. आणि या दोहोंच्या मधल्या फटींत तो उभा राहिला.

फलक काढण्यास मनुष्यबळ अपुरें आहे, असें उत्तर नागरिकाला वारंवार ऐकावयास मिळतें. या उत्तराची परीक्षा दर निवडणुकीच्या वेळीं आपोआप होते. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली, कीं निवडणूक आयोगाच्या दंडकाप्रमाणें शासकीय मालमत्तेवरील राजकीय मजकूर २४ तासांत, सार्वजनिक जागीं अनधिकृतपणें लावलेला ४८ तासांत व खासगी मालमत्तेवरील अनधिकृत मजकूर ७२ तासांत काढावा लागतो. त्या तीन दिवसांत चौक ओळखूं येत नाहींत. महापालिका तीच, कामगार तेच, शिड्या व कात्र्याही त्याच. बदललेला असतो तो केवळ हुकूम देणारा. एरव्हीं तक्रार ज्याच्याकडे न्यावयाची, त्याचाच चेहरा पुष्कळदां फलकावर असतो. त्या दिवसांत मात्र यंत्रणा त्याच्या मर्जीबाहेर गेलेली असते. रोग कोठें आहे, हें सांगण्यास याहून निराळा पुरावा नको.

रस्त्यावरून घरीं परतलेल्या गृहस्थाला दार लावून घेतां येतें. परंतु दूरध्वनि आतां खिशांतच असतो. दुपारच्या भोजनाच्या वेळीं त्याला कर्ज हवें आहे काय, असें कोणी पुसतें. निवडणुकीच्या दिवसांत तर ध्वनिमुद्रित पुढारी त्याच्याशीं आपुलकीनें बोलूं लागतात व त्याचें उत्तर ऐकण्यासाठीं थांबत नाहींत. अशा नकोशा दूरध्वनींतून मुक्त होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं २००७ सालीं नोंदवही सुरू झाली, २०११ मध्यें अधिक कडक नियम अमलांत आले, २०१८ मध्यें ते पुन्हा नव्यानें करण्यात आले. १९०९ या क्रमांकावर नांव नोंदवितां येतें. नोंद करणाऱ्यांस कांहीं प्रमाणांत शांतता मिळतेही. पण नियम पाळणारा विक्रेता जेव्हां थांबतो, तेव्हां साध्या दहा आंकडी क्रमांकावरून बोलणारा न थांबतां बोलत राहतो. आणि मूळ रीत तर उफराटीच आहे: शांतता ज्याची, त्यानेंच ती अर्ज करून मागावयाची, भंग करणाऱ्यानें मात्र पूर्वपरवानगी घ्यावयाची नाहीं.

ही रीत उलटविण्याचा प्रयोग एका महानगरानें करून पाहिला आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरानें २००६ सालीं 'स्वच्छ नगर' कायदा केला व १ जानेवारी २००७ पासून रस्त्यांवरील जाहिरातफलकांना सरसकट बंदी केली. दुकानांच्या नामफलकांचा आकारही मोजून दिला. व्यापार बुडेल, अशी ओरड झाली. शहर बुडालें नाहीं. फलक उतरल्यावर जुन्या इमारती पुन्हा दिसूं लागल्या आणि त्यांच्याआड लपलेल्या दरिद्री वस्त्याही दिसूं लागल्या. पुढें बसथांबे व रस्त्यांवरील घड्याळें यांपुरती जाहिरातीस मोजकी सवलत देण्यांत आली, परंतु ती शहरानें विचार करून दिलेली सवलत होती. कोणी रात्रीं येऊन बळकावलेली जागा नव्हती.

येथील नागरिकाच्या हातीं एवढा मोठा कायदा नाहीं. पण अगदींच कांहीं नाहीं, असेंही नव्हे. अधिकृत फलकावर परवानगीचा क्रमांक व मुदत लिहिलेली असली पाहिजे. ती नसेल तर तेवढ्यावरही तक्रार करतां येते. याहून अवघड गोष्ट घरांतच करावयाची आहे. दहावींत गुण मिळविणाऱ्या कन्येचें छायाचित्र चौकांत लावूं, असें सांगत स्थानिक पुढाऱ्याचा माणूस जेव्हां सुशिक्षित कुटुंबाच्या दारीं येतो, तेव्हां एरव्हीं फलकांना नांवें ठेवणारे वडीलही क्षणभर विरघळतात. सोसायटीच्या गणेशोत्सवाची कमान दुसऱ्याच्या पैशांनीं उभी राहणार म्हटल्यावर त्या कमानीवर कोणाचा चेहरा येणार, हें विचारण्याचें कोणाला सुचत नाहीं. कन्येला पेढा द्यावा, शेजाऱ्यांना बोलवावें आणि छायाचित्र मागावयास आलेल्या माणसाला नम्रपणें 'नको' म्हणावें. त्या एका नकारानें चौक मोकळा होणार नाहीं. परंतु दुसऱ्याच्या फलकाविषयीं तक्रार लिहावयास बसलेल्या गृहस्थाचा हात मात्र मग थरथरणार नाहीं.