कात्रजचा नळ आणि फुल्यांचा हौद
(इस्लामपूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



पुण्याच्या कात्रज उद्यानात सुटीच्या दिवशी असंख्य कुटुंबे येतात. तेथील तळ्याचे काम १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत झाले. वरच्या तळ्यात गाळ बसावा, खालच्या तळ्यातले निवळलेले पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे जावे, वाटेत उच्छ्वासांतून हवा खेळावी आणि शेवटी ते शनिवारवाड्यात व पेठांतील हौदांत पडावे, अशी ही योजना होती.

या बांधकामाचा जीर्णोद्धार झालाच पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु तो कसा व कोणासाठी, हे विचारल्यावाचून आपण टाळ्या वाजवू नयेत.

अर्थशास्त्राच्या माणसाला अंदाजपत्रक चाळण्याची खोड असते. काम चुन्यात केले तर खर्चाचा मोठा वाटा पाथरवट, गवंडी आणि चुना मळणारे मजूर यांच्या हाती पडतो. सिमेंट थापले तर तो कारखान्याकडे जातो. शिवाय सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि जुना दगड झडू लागतो. येथे मजुराचे हित आणि वास्तूचे हित एकच आहे. असा योग क्वचितच येतो!

तळ्याच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तळे वर्षानुवर्षे ग्रासले. घाण पाण्याकाठचा दगड घासूनपुसून त्यावर दिवे सोडणे याला मी जीर्णोद्धार म्हणणार नाही.

आणि ते पाणी भरत कोण होते? हौद सार्वजनिक म्हणवले जात, पण अस्पृश्यांना तेथे घागर बुडविण्याची मुभा नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. पुढे १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. तरीही १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कात्रजच्या फलकावर पेशव्यांचे नाव अवश्य असावे. त्याखाली हा इतिहासही असावा.

कात्रज दूर आहे; पण दगडी विहिरी आपल्या वाळवा तालुक्यातही आहेत. उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एक विहीर पाहून लिहून काढावी. पाणी किती आहे, मालकी कोणाची आहे, आणि पूर्वी कोणाला तेथे उतरू देत नसत? हे शेवटचे गावातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागेल. वैशाखापर्यंत थांबू नका.