विज्ञानस्पर्धा आणि मुलांची वही



साहित्याच्या व्यासपीठावर विज्ञानाच्या मास्तराने काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला. चिटणिसांना मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर मुलांत वावरलात, मुलांबद्दल बोला." म्हणून आज मी सहावी ते आठवीच्या मुलांबद्दल आणि त्यांच्यासाठी शाळेच्या तासांबाहेर चालणाऱ्या विज्ञानाच्या स्पर्धा, प्रदर्शने व उपक्रम यांच्याबद्दल बोलणार आहे. विषयाचा साहित्यसभेशी संबंध काय, ते शेवटपर्यंत आपल्या लक्षात येईल अशी आशा आहे.

अकरा ते चौदा हे वय मोठे विलक्षण असते. लहानपणीचे 'का?' अजून संपलेले नसते आणि हाताला नेमकेपणा येऊ लागलेला असतो. मोजपट्टी धरता येते, तापमापी वाचता येते, आठ दिवस एकच गोष्ट नेटाने करता येते. दहावीचे ओझे अजून दूर असते. या तीन वर्षांत मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने काही शोधून काढले, तर त्याची गोडी पुढे टिकते. आपल्याकडच्या चांगल्या उपक्रमांनी नेमके हेच वय हेरले आहे.

मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने 1981 साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलांना प्रात्यक्षिक द्यावे लागते आणि त्यातून पुढे गेलेल्यांना स्वतः केलेला प्रकल्प घेऊन मुलाखतीला बसावे लागते. सहावीतले पोर एकटे उपकरणांसमोर उभे राहते, शेजारी आई नाही, मास्तर नाही, ही कल्पनाच मला फार आवडते.

दुसरा उपक्रम तर आपल्या प्रदेशातला आहे. ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राने मध्य प्रदेशात लहान प्रमाणावर जो प्रयोग केला, तोच 1993 पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद म्हणून देशभर गेला. दहा ते सतरा वयाची मुले त्यात भाग घेतात. गावातला किंवा मोहल्ल्यातला एखादा प्रश्न घ्यायचा, महिनोन्‌महिने पाहणी करायची, रोजच्या नोंदींची वही ठेवायची आणि जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांवर मांडायचे, अशी तिची रीत. मुलाने आपल्या भारतीय भाषेत बोललेले तिथे चालते. आपल्या ग्वाल्हेरचे नाव या कामाशी जोडलेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

तिसरे नाव होशंगाबादचे. 1972 साली तिथल्या 16 शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. हा उपक्रम शाळेच्या तासांतलाच, तरी मी त्याचा उल्लेख करतो, कारण शाळेबाहेरच्या अनेक उपक्रमांनी त्याच्याकडून धडे घेतले. चार-चार मुलांच्या टोळ्या, स्वस्त साहित्य आणि 'बाल वैज्ञानिक' नावाचे पुस्तक. या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत, ती मुलांनी प्रयोग करून आपल्या वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती. मुले 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्रे लिहून प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तरे जात. पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीला असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांच्यापासून त्यांनी इथे जे आकार जोडले, ते पुढे देशभरच्या मुलांच्या हाती गेले. तीस वर्षे चालून 2002 मध्ये हा कार्यक्रम शासनाने बंद केला. तोवर तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला होता.

अलीकडे साधनांची चणचण कमी झाली आहे. 2016 पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, त्यांत थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर आले. 'इन्स्पायर मानक' योजनेत सहावीपासूनच्या मुलाची कल्पना निवडली गेली तर तिच्यासाठी 10,000 रुपये मिळतात. ही सारी चांगली गोष्ट आहे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नाही.

मग बोलायचे काय उरले? ते सांगण्यासाठी मला माझी एक चूक आपल्यापुढे ठेवावी लागेल.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. एका मोठ्या शाळेतल्या मुलाने धरणाची प्रतिकृती आणली होती. खरे पाणी, फिरणारे चक्र, पलीकडच्या गावात लुकलुकणारे दिवे. मुलगा अस्खलित इंग्रजीत बोलत होता. मी मध्येच विचारले, "धरणात पाणी निम्मे झाले तर दिव्यांचे काय होईल?" तो थांबला आणि त्याने मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. वडील हसून म्हणाले, "सांग ना बाळा, प्रेशर कमी होईल."

तिथून चार टेबले सोडून सातवीतली एक मुलगी उभी होती. सरकारी शाळेतली, हिंदी माध्यमाची. तिच्यापुढे दोन माठ, एक तापमापी आणि एक वही. घरात दर उन्हाळ्यात नवा माठ का आणतात, हा तिचा प्रश्न होता. उन्हाळ्याच्या सुटीत तिने जुना आणि नवा असे दोन्ही माठ शेजारी ठेवून रोज दुपारी दोन वाजता पाण्याचे तापमान घेतले होते. खोलीत 38 अंश असताना नव्या माठात 27 आणि जुन्यात 30, असे आकडे जवळजवळ रोज येत होते. कारणही तिने आपल्या शब्दांत सांगितले: नवा माठ जास्त पाझरतो, जुन्याची भोके पाण्यातल्या क्षारांनी बुजतात. मात्र शेवटच्या तीन दिवसांचे आकडे जुळत नव्हते. खोली 33 अंशांवर आली होती, म्हणजे पाणी आणखी थंड व्हायला हवे होते, तर नव्या माठात 29 आणि जुन्यात 30. तिने त्या ओळींवर बोट ठेवले आणि आपण होऊन म्हणाली, "सर, यहाँ कुछ गड़बड़ हो गई। समझ में नहीं आया।"

मी शेरा लिहिला, 'निष्कर्ष अपूर्ण'. पहिले बक्षीस धरणाला गेले.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आले होते. पाऊस नव्हता, नुसता उकाडा. मी घरच्या माठातले पाणी प्यालो आणि ते कोमट लागले. हातात पेला तसाच राहिला. माठातले पाणी थंड होते ते बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. हवेतच दमटपणा भरला की ती वाफ होणे मंदावते, मग माठ नवा असो की जुना, दोघांचा फरक मिटू लागतो. त्या मुलीचे शेवटचे तीन दिवस मृगाच्या आधीच्या ढगांचे असणार! तिच्या वहीत हवेतली आर्द्रता उतरली होती. तिला ती ओळखता आली नाही, कारण ती सातवीत होती. मला आली नाही, याला कारण नाही. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, तेव्हा वीस वर्षे शिकवत होतो. "त्या दिवशी आभाळ कसे होते?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर त्या टेबलाशी उभ्या उभ्या तिला शोधाचा आनंद मिळाला असता. मी तिला अपूर्ण ठरवून परत पाठवले.

श्रोतेहो, त्या धरणवाल्या मुलाचाही यात दोष नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलला. दोष आम्हा परीक्षकांचा. आम्ही झगमगाटाला गुण देतो, म्हणून पालक झगमगाट विकत आणतात. आज बाजारात तयार प्रकल्प मिळतात, स्पर्धांच्या तयारीचे शिकवणीवर्ग चालतात आणि ज्याच्या बापाच्या खिशात पैसे त्याचे पोर पुढे जाते. आकडा जुळला नाही तर मुले तो खोडून बरोबरचा लिहितात, कारण खोडल्याने गुण वाढतात हे त्यांना कळलेले असते. विज्ञानाच्या नावाने बाराव्या वर्षी आपण मुलांना आकडे जुळवायला शिकवत असू, तर स्पर्धा नसलेली बरी. पण स्पर्धा बंद करणे हा उपाय नव्हे. बाल विज्ञान परिषदेने नोंदवही मागितली, होशंगाबादने वहीला पुस्तकाइतका मान दिला. वाट तिथेच आहे. बक्षीस वहीला द्यावे.

आता साहित्यसभेचा संबंध सांगतो. त्या मुलीने 'बाष्पीभवन' हा शब्द एकदाही उच्चारला नाही. ती 'रिसना' म्हणाली, आपण मराठीत 'पाझरणे' म्हणतो. त्या एका शब्दात माठाचे निम्मे भौतिकशास्त्र आहे. घरच्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला वस्तू दिसते. पाठ केलेल्या परक्या वाक्यात बोलणाऱ्याला पुष्कळदा फक्त वाक्य दिसते. आपली नातवंडे इंग्रजी शाळांत जातात, इंदूरच्या रस्त्यावर हिंदी बोलतात आणि घरी, आजीआजोबा असतील तर, मराठी. या तिन्हींपैकी प्रश्न कोणत्या भाषेत उगवतो, ते आपण पाहायला हवे. पुस्तकांची परंपरा आपल्याकडे आहेच. 'सृष्टिज्ञान' मासिक 1928 पासूनचे, मराठी विज्ञान परिषद 1966 पासूनची. मुलाने आपल्या भाषेत आपली वही लिहावी, ही सवय लावणे मात्र घरांचे आणि आपल्यासारख्या सभांचे काम आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. सभेचे हे सभागृह महिन्यातल्या एका रविवारी दुपारी रिकामे असते. ते सहावी ते आठवीच्या वीस मुलांना द्यावे. मुले मराठी घरांतलीच हवीत असे नाही, शेजारच्या सरकारी शाळेतली आधी बोलवावीत. खर्च फार नाही: काही तापमाप्या, एक तराजू, मोजपात्रे, मोजपट्ट्या आणि प्रत्येकाला एक वही. नियम चार. प्रश्न आपल्या घरातला किंवा गल्लीतला असावा. मोजणी स्वतःच्या हाताने निदान दहा वेळा केलेली असावी. वहीत काही खोडू नये, चुकले तर बाजूला तसे लिहावे. आणि सांगताना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत सांगावे. वर्षाच्या शेवटी एक बक्षीस द्यावे, न जुळलेल्या आकड्याचा ज्याने सर्वांत नेटाने पाठपुरावा केला त्याला.

इथे बसलेल्यांत निवृत्त अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, हिशेबनीस आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला परीक्षक होता येईल. एकच पथ्य पाळायचे, उत्तर सांगायची घाई करायची नाही. मुलाने "इथे गडबड झाली" म्हटले की खुर्ची पुढे ओढायची आणि विचारायचे, "बरं, त्या दिवशी काय काय वेगळं होतं?"

ती मुलगी आता तिशी ओलांडून गेली असेल. तिचे नाव मला आठवत नाही, प्रवेशिकेवरचा क्रमांकही नाही. तिच्याकडे जाऊन चूक कबूल करणे आता माझ्या हाती नाही. तेव्हापासून मात्र मी दर उन्हाळ्यात घरात दोन माठ ठेवतो आणि रोज दुपारी दोन वाजता नोंद करतो, आभाळाच्या नोंदीसकट. सभेने माझी सूचना मान्य केली, तर पहिल्या रविवारी पहिली वही मी माझीच आणीन. त्यातही न जुळलेले आकडे पुष्कळ आहेत. मुलांनी ते तपासावेत.