छोट्या गाडीची काजळी



पोराबाळांच्या खेळण्यावर बोलायला हा गृहस्थ व्याख्यानमालेत कशाला उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु टेबलावरचे हे वीतभर इंजिन म्हणजे खेळणे नव्हे. आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची ती प्रतिकृती आहे. ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ साली येडशी, ढोकीवरून लातुरास पोहोचली. धाराशिव गावाला ती कधी लाभली नाही. ती गाठायला आपल्या वडीलधाऱ्यांना येडशीला जावे लागे. पुढे रुंद रूळ आले आणि ती गाडी गेली.

मूळ रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. माझे माप चाळीस पट लहान, म्हणून येथे ते १९ मिलिमीटर झाले. जोडणी झाली, काळा रंग दिला आणि पाहतो तो इंजिन कसे, दुकानातल्या नव्या बुटासारखे चकचकीत! राबणारे इंजिन असे दिसत नाही. म्हणून मी त्याला मळवायला बसलो. चाकांवर गंज थापला, बॉयलरवर काजळी फासली आणि मोठ्या ऐटीत एका वृद्ध निवृत्त फायरमनना दाखवायला नेले.

त्यांनी ते हातात घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मास्तर, हे भंगारातलं इंजिन आहे. आमचं नव्हे. आम्ही पहाटे उठून पुसत होतो त्याला."

मी खजील झालो. मग त्यांनीच एकेक डाग समजावून दिला. विहिरीचे पाणी जड असले, की जेथून वाफ गळते तेथे क्षाराचे पांढरे ओघळ उतरतात. धुरांड्याखालचा भाग तापून तापून करडा पडतो. चाकांच्या दांड्यांवर गंज नसतो, तेल असते आणि त्या तेलावर धूळ बसते. चढावर चाक घसरू नये म्हणून वाळू सोडतात, तिची पूड चाकांच्या आसपास राहते. चढण्या-उतरण्याचा दांडा मात्र माणसांच्या हातांनी लखलखीत झालेला असतो. मळ राहतो तो फडके पोहोचत नाही त्या सांदीत.

घरी येऊन मी सगळे धुऊन काढले. काळ्यात थोडा करडा मिसळला, कारण लहान वस्तूवर निखळ काळा रंग डोळ्याला खोटा वाटतो. पातळ रंग लावून तो वरून खाली, पाणी ओघळते त्या दिशेने पुसला. खडूची आणि कोळशाची पूड कोरड्या कुंचल्याने जेमतेम लावली. येथे एक मिलिमीटरचा लपका म्हणजे मूळ इंजिनावर चार सेंटिमीटर चिखल, हे विसरून चालत नाही. शेवटी दांडा घासून उजळ केला.

पुन्हा त्यांच्याकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. खिशातला रुमाल काढला आणि त्या दांड्यावरून एकदा फिरवला.

सभ्य हो, आपल्या जुन्या गाडीची आठवण काढताना आपण एकतर तिला नवरीसारखी सजवतो, नाहीतर तिच्या भंगारावर उसासे टाकतो. दोन्हींत तिला रोज पुसणारा माणूस हरवतो. तो माणूस अजून आपल्या आळीत भेटण्याजोगा आहे. माझी एवढीच विनंती, की आज घरी जाताना त्याच्या ओट्यावर घटकाभर बसा आणि कोणता डाग कशाचा, ते विचारून घ्या.