माणूस आधी की माल?



शेजारी देशांमधील मुक्त संचार या विषयाचा आरंभ युरोपपासून करण्याची रीत आहे. मी तो देवासपासून करतो. येथून सुमारे 35 किलोमीटरवरील हे एकच गाव 1948 पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन संस्थानांत विभागलेले होते. उज्जैन शिंद्यांचे, धार पुन्हा पवारांचे, महूला इंग्रजांची छावणी. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'सायर', म्हणजे जकात, हा शब्द पुष्कळ वर्षे टिकून होता.

28 मे 1948 रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेने नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला. मालाची गोष्ट निराळी. घटनेच्या मूळ 306व्या कलमाने आपल्यासारख्या राज्यांना जुनी जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा होती; ते कलम 1956 साली गेले. राज्यांच्या सरहद्दीवरील विक्रीकराचे नाके तर 2017 साली वस्तू व सेवा कर आल्यावर उठले. आपल्याकडे माणूस आधी मोकळा झाला.

युरोपात क्रम बराचसा उलटा. सहा देशांनी आपसांतील जकात 1968 साली संपविली. कामगारांना परस्परांच्या देशांत नोकरीचा हक्क त्याच सुमारास मिळाला हे खरे. पण शेंगेन या लक्झेंबर्गमधील लहानशा गावी 1985 च्या जूनमध्ये करार होऊन सरहद्दीवरील तपासणी प्रत्यक्ष थांबण्यास 1995 उजाडले.

त्याच 1985 च्या डिसेंबरात ढाक्याला 'सार्क' जन्मास आली. तिने मुक्त व्यापाराचा करार केला, तो 2006 पासून अमलात आला. माणसांसाठी मात्र 1992 ची व्हिसा-सवलत, तीही न्यायाधीश, खासदार, पत्रकार अशा मोजक्या वर्गांना. 2014 च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच भरलेली नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची ती सवलत रद्द केली. सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु नेपाळशी 1950 सालचा तह आहे, त्याने राहण्याची, व्यापाराची, जाण्यायेण्याची परस्पर मोकळीक दिली. ती सरहद्द आजही उघडी आहे. तिथे कटकटी आहेत, पण घरेही जोडलेली आहेत.

आपण येथले मराठी लोक वाटा मोकळ्या असण्याचेच फळ आहोत. आधी घोड्यावरून आलो, पुढे खांडव्याच्या गाडीने. त्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. त्या गाडीने शिक्षक आले, कारकून आले, त्यांच्या ट्रंकांतून पुस्तके आली.

फाळणीनंतर या शहरात सिंधी कुटुंबेही आली. आमच्या शेजारचे एक गृहस्थ त्यांतलेच. आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. थोरली बहीण सक्करला राहिली. सिंधची खारीक 2019 मध्ये आयातशुल्क दोनशे टक्के होईपर्यंत ते बाजारातून आणीत असत. बहिणीची भेट 1978 नंतर झाली नाही.