गव्हाणीपर्यंत कोण गेलं?

जागा न मिळाल्यामुळे कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या पालकांनो आणि माझ्यामुळे ज्यांचा नाच लांबला आहे अशा माझ्या मुलामुलींनो,

पडद्यामागे बोहाड्याची सोंगं सजून बसली आहेत, ती मी येताना पाहिली. मुखवटा चढवून बसलेल्या माणसाची काय अवस्था होते याची मला कल्पना आहे. त्यामुळे मी थोडक्यात बोलणार आहे. हे वाक्य प्रत्येक प्रमुख पाहुणा म्हणतो, तेव्हा तुम्ही त्यावर फारसा विश्वास ठेवू नका.

मुख्याध्यापक सरांनी फोनवर विषय दिला. म्हणाले, "मॅडम, नाताळाचा आठवडा आहे, तुम्ही स्वतः ख्रिस्ती, त्यावरच बोला." मी विचारलं, "हरसूलला चालेल?" कारण आपल्या डोंगरपट्ट्यात नाताळ म्हटलं की काहींच्या कपाळाला आठी पडते, तर काहींच्या चेहऱ्यावर नको तेवढा उत्साह येतो. सर म्हणाले, "चालेल, पण पोरांना कंटाळा येता कामा नये." दोन्ही बाजूंना सांगून टाकते, मी इथे कुणाचा धर्म बदलायला आलेले नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. आज एक गोष्ट सांगायला आले आहे आणि त्या गोष्टीत कोणी काय ऐकलं, एवढंच बघायचं आहे.

नाताळ म्हणजे लाल टोपी, कापसाची दाढी आणि केक, असं अलीकडे शहरातल्या शाळांमधून पक्कं झालं आहे. सांताक्लॉजशी माझं भांडण नाही. पण तो मूळ गोष्टीत कुठेही नाही. मूळ गोष्टीत आहे ती शिरगणती. रोमच्या बादशहाचा हुकूम निघाला की ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. म्हणून नासरेथचा एक सुतार, योसेफ, दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. अंतर शे-दीडशे किलोमीटर. गावात पोचले तर उतरायला जागा नाही. मूल झालं आणि त्याला फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण कशी असते हे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या मुलांना मला चित्र काढून सांगावं लागतं. तुम्हाला नाही. तुम्ही सकाळी तिच्यात पेंढा टाकून शाळेत आलात. पोटुशी बाई, लांबचा प्रवास आणि मुक्कामाला जागा नाही, हेही तुम्हाला समजावून द्यायला नको. भात झोडून झालं, नागली घरात आली की इथली किती घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात! घडांची विरळणी करायची, डिपिंग करायचं आणि मालक दाखवील त्या पत्र्याखाली बाळाची झोळी बांधायची.

आता मुख्य भाग. त्या रात्रीचा निरोप कुणाकुणाला मिळाला? बायबलमधल्या मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही हकिगत आहे. आपण समजतो की निरोप फक्त मेंढपाळांना मिळाला. तसं नाही. पूर्वेकडून काही ज्ञानी माणसं तारा पाहून यरुशलेमला आली आणि विचारू लागली, नवा राजा जन्मला तो कुठे? हेरोद राजाने शास्त्री-पंडितांना बोलावलं. पंडितांनी क्षणात उत्तर दिलं : बेथलेहेमात, मीखा संदेष्ट्याने तसं लिहून ठेवलं आहे. उत्तर शंभर टक्के बरोबर, पैकीच्या पैकी गुण. आणि मग ते सगळे घरी गेले! यरुशलेमपासून बेथलेहेम आठ-नऊ किलोमीटर. तुमच्यातली किती मुलं असल्या अंतरावरून पायी शाळेत येतात? पण ज्यांना ग्रंथ पाठ होता, त्यांच्यातला एकही जण, खरंच काय झालंय ते बघून येऊ, म्हणून उठल्याची नोंद नाही.

हेरोदाने मात्र अगदी नीट ऐकलं. कुठे, कधी, तारा केव्हा दिसला, सगळं खोदून खोदून विचारलं. त्याच्याइतकं लक्ष देऊन कोणीच ऐकलं नसेल. पण त्याने ऐकलं ते आपल्या गादीला धोका किती, एवढ्यापुरतं. पुढे त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांखालचे मुलगे मारायला माणसं पाठवली. तेव्हा लक्ष देऊन ऐकणं म्हणजे खरं ऐकणं, असं वर्गात तुम्हाला आम्ही शिक्षक सांगतो ते पुरतं खरं नाही.

मेंढपाळ रानात रात्रपाळीला होते. आधी घाबरले. दूताला पहिलं वाक्य "भिऊ नका" हेच म्हणावं लागलं. त्यांना खूण काय दिली? राजवाडा नाही, तोरण नाही. गव्हाणीत निजलेलं मूल. ते आपसात म्हणाले, चला, जाऊन बघू. आणि गेले. त्यांनी आधी त्याचा अर्थ विचारला नाही, की आम्हालाच का सांगितलं म्हणून चर्चा केली नाही.

पण माझा या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस योसेफ. तुमच्यापैकी कोणी चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा पाहिला असेल, तर त्यात तो एका बाजूला काठी धरून उभा असतो. फोटोत बापाला जेवढी जागा मिळते तेवढीच. संपूर्ण बायबलमध्ये योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. शोधून बघा. मरियेचं गीत आहे, मेंढपाळ बोलतात, हेरोद बोलतो, पण योसेफ नाही. त्याला निरोप येतात ते झोपेत, स्वप्नात, आणि प्रत्येक वेळी ते अडचणीचे असतात. लग्न ठरलेली मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर, तिची बदनामी न करता गुपचूप सोडून द्यावं, असं त्याने ठरवलं होतं. माणूस सज्जन होता. पण निरोप आला : तिला घरी आण, भिऊ नकोस. तो उठला आणि तिला घरी घेऊन आला. गावाने काय म्हटलं असेल? गाव काय म्हणतं हे हरसूलमध्ये मी सांगायला हवं का? पुढे निरोप आला, मूल मारायला येताहेत, मिसर देशात पळ. तो रात्रीच उठला. सकाळ होऊ दे, अवजारं आवरू दे, उधारी वसूल करू दे, असं काही नाही. मग परत ये असा निरोप, मग यहूदियात नको, गालीलात जा असा. चार स्वप्नं, आणि चारही वेळा जे सांगितलं ते त्याने केलं. सज्जनपणाने घेतलेला स्वतःचा निर्णय मोडायला फार मोठं ऐकणं लागतं. दुर्जन माणसाला बदलणं त्यामानाने सोपं असावं असं मला कधी कधी वाटतं.

जखऱ्या नावाच्या याजकाची गोष्ट पळत पळत सांगते. तो तर देवळात सेवेला उभा होता, तिथेच दूताने त्याला म्हातारपणी मूल होईल म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, हे मी कशावरून समजू? त्याची वाचा गेली, ती मूल होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत. ही शिक्षा प्रमुख पाहुण्यांना लागू करावी असं तुमच्या मनात आलं असेल तर मला ते दिसतंय!

आता लांबच्या देशातून आपल्या जिल्ह्यात येऊ. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर आहे. तिथे 1868 साली एक मुलगी जन्मली. शाळेत कधी गेली नाही. अकराच्या आसपास वय असताना तिचं लग्न झालं. नवरा कवी, हुशार, लहरी, एका जागी न टिकणारा. ते म्हणजे नारायण वामन टिळक आणि या लक्ष्मीबाई. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, त्यांनी जाताना बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि म्हणाले, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. त्यांचं नावही टिळकांना कळलं नाही. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी निरोप ऐकला, हे झालं. पण लक्ष्मीबाईंच्या कानावर काय आलं? आकांत. नवरा बाटला, संसार मोडला. नातेवाइकांचं रडणं, लोकांची कुजबुज. त्या चार-पाच वर्षं टिळकांपासून वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्या तरी सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांना घाई केली नाही, हा त्यांचा मोठेपणा मी मानते, कारण एरवी ते घाईचेच होते. मग एक दिवस बाईंनी स्वतःशीच प्रश्न मांडला : जात देवाने केली की माणसाने? कोणाच्या प्रवचनात नाही, घरातल्या घरात, एकट्या. उत्तर आलं, माणसाने. त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. 1900 च्या सुमारास त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण माझ्या मते निरोप पोचला तो त्याआधीच, ताट बदललं तेव्हा.

मला यात मोलाची वाटते ती वेळ. काहींना गाडीच्या डब्यात मिळालेलं पुस्तक पुरतं, काहींना पाच वर्षं लागतात, आणि पाच वर्षं लागली म्हणून ऐकणं कमी प्रतीचं ठरत नाही. उलट "देवाने मला आत्ताच सांगितलं" असं जो तावातावाने म्हणतो त्याच्यापासून जरा जपून राहा. मग तो कुठल्याही धर्माचा असो.

टिळक 1919 मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते पुढे कोणी लिहिलं? शाळा न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी, साठाहून जास्त अध्याय. टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. कपाळाला आठी घातलेल्यांनी आणि फार उत्साही झालेल्यांनी, दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

जागेवरून आठवलं. नाशिकला शरणपूर रोड आहे, तुम्ही सीबीएस स्टँडला उतरून कधी तिकडे गेला असाल. तिथे 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने एक वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जात, त्यांतून सोडवलेली आफ्रिकेची मुलं तिथे राहत, शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. त्यांच्यातलाच एक, जेकब वेनराइट, पुढे आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. अंत्यविधीची प्रार्थना म्हटली ती या नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाने, आणि 1874 साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. विकल्या गेलेल्या पोराला आपल्या गोदाकाठी कोणीतरी जागा दिली होती. गव्हाणीची गोष्ट दरवर्षी वाचणाऱ्या लोकांपैकी काहींना ती नीट ऐकू आली होती, असा मी त्याचा अर्थ घेते.

तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं तुमचं. आमचं काय? तुमच्याकडे तर ऐकण्याची मोठी परंपरा आहे. मार्गशीर्षात आपल्या या डोंगरपट्ट्यात डोंगरदेवाचा उत्सव होतो. रात्री थाळ लावतात. पितळी थाळीच्या मधोमध मेण लावून काडी उभी करायची आणि ती चिमटीतून वरून खाली निसटती सोडत राहायची. तिचा घुमारा सुरू झाला की थाळकरी कथा धरतो आणि रात्र सरेपर्यंत कणसरीची, धान्याच्या देवीची गोष्ट चालते. मी पहिल्यांदा ते ऐकायला बसले तेव्हा त्या काडीच्या आवाजाला कंटाळले होते, खोटं कशाला बोलू! अर्ध्या तासाने लक्षात आलं की त्या आवाजामुळे बाकीचे आवाज बंद झालेत आणि शब्द आपोआप कानात येताहेत. पण इथेही तोच प्रश्न आहे. कणसरी रुसून जाते ती धान्याची हेळसांड झाली म्हणून. ही कथा रात्रभर ऐकून सकाळी ताटात भात टाकून उठणारा माणूस यरुशलेमच्या पंडितांच्या रांगेत बसतो.

आणि थाळ लावणारे हात आता म्हातारे होत चाललेत. तुमच्या मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहे, त्यात रील सोडून दुसरंही काही भरता येतं. मराठीच्या शिक्षकांना माझी सूचना आहे, पुढच्या वर्षीच्या हस्तलिखितात प्रत्येकाने आपल्या आजा-आजीकडून ऐकलेलं एक पान लिहावं, आजी बोलते त्याच बोलीत. शुद्धलेखन दुरुस्त करू नका. आजीला आधी निवांत बसू द्या. मधे मधे "मग पुढे काय झालं?" म्हणून टोचू नका. ती मधेच गप्प झाली तरी थांबा.

एक विनंती शिक्षकांना आहे, तिच्यावर त्यांनी रागावू नये. बागांवर गेलेल्या घरांतली जी मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतील, ती वर्गात बसल्यावर धडा कुठवर आला हे विचारायच्या आधी, तुम्ही कुठे होतात, तिथे काय खाल्लं, कुठे झोपलात हे विचारा. हजेरीपटावर त्या महिन्यांत नुसत्या फुल्या असतात. त्या फुलीमागे एक अख्खा प्रवास असतो आणि तो सांगायला मूल उत्सुक असतं, पण विचारणारं कोणी नसतं.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची एक प्रत मी ग्रंथालयासाठी आणली आहे. 1934 पासून भागाभागाने ते छापून आलं. हसायला येतं आणि मधेच डोळ्यांत पाणी येतं, एवढी हमी देते. नववीच्या एका मुलीने मघाशी चहा देताना विचारलं, "बाई, पुस्तक जाड आहे का?" हो, जाड आहे. तिनेच ते पहिलं न्यावं, अशी ग्रंथपालांना माझी शिफारस आहे.

पडदा हलायला लागला आहे आणि एक वाघाचं सोंग मला केव्हाचं खुणावतं आहे. सर, माईक त्यांच्याकडे द्या.