अर्धी गाठ सलाईनमध्ये



   

कर्करोग आणि संसर्गजन्य आजारांतलं जनुकक्रमवाचन हा आपल्या परिषदेचा यंदाचा विषय. अध्यक्षाने आढावा घ्यावा असा रिवाज आहे, म्हणून थोडक्यात घेतो. क्षयजंतूचा संपूर्ण जनुकक्रम १९९८ साली वाचला गेला. तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. मानवी जनुकक्रमाचा आराखडा २००१ मध्ये आला. गाल आणि हिरडीचा कर्करोग म्हणजे आपल्या तंबाखू खाणाऱ्या माणसांचा आजार. त्याचा जनुकीय नकाशा कल्याणीच्या आणि खारघरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये क्षयजंतूतल्या औषधरोधक बदलांची पहिली सूची काढली, ती ३८ हजारांहून अधिक जंतुनमुन्यांच्या आधारावर. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेचे नमुने वाचून करोना विषाणूच्या काट्यातले नवे बदल पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे ३१ मे २०२१ रोजी ते बदल असलेल्या विषाणूवंशाच्या एका शाखेचं नाव डेल्टा ठेवलं गेलं.

आढावा इथेच थांबवतो. पुढच्या दोन दिवसांत माझ्यापेक्षा जाणकार मंडळी तो नीट मांडतील. मला जे बोलायचं आहे ते अनेक वर्षं मनात आहे, आणि हे व्यासपीठ पुन्हा मिळणार नाही.

काल रात्री जेवताना आपल्यात दोन वाद रंगले. एक असा की मोजकी जनुकं तपासावीत की संपूर्ण जनुकक्रम वाचावा? दुसरा, जनुकक्रम वाचणारं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात हवं की दोन-तीन मोठ्या शहरांत? दोन्ही बाजूंचे मुद्दे मला मान्य आहेत. क्षयाची सीबीनॅट तपासणी रिफॅम्पिसिन या औषधासाठी जंतूच्या एका जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा पाहते. एस्वातिनी या आफ्रिकी देशात त्या तुकड्याच्या बाहेर बदल झालेले जंतू पसरले आणि ती तपासणी त्यांना चुकवत राहिली. तेव्हा संपूर्ण वाचनाची बाजू शास्त्राच्या दृष्टीने भक्कम आहे. पण क्षयजंतूचं संपूर्ण वाचन बहुधा कल्चरमध्ये वाढवलेल्या जंतूवर होतं. कल्चरला जिवंत जंतू लागतो. आणि आपल्या राज्यात गळ्यातली, काखेतली गाठ काढली की ती अख्खीच्या अख्खी फॉर्मालिनच्या बाटलीत पडते. जंतू तिथेच मरतो. मग यंत्र जिल्ह्यात असो की मुंबईत, वाचणार काय?

एक तरुण मुलगी आठवते. मानेत गाठ. एका छोट्या रुग्णालयात ती काढली आणि फॉर्मालिनमध्ये माझ्याकडे आली. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा, मध्ये केसीयस नेक्रोसिस. मी क्षयाशी सुसंगत असं लिहिलं, त्याहून जास्त त्या काचेवर दिसत नव्हतं. नेहमीचं औषध सुरू झालं. गाठी बसण्याऐवजी वाढल्या. वडील दर महिन्याला तिला घेऊन यायचे आणि मला विचारायचे, डॉक्टर, औषध बरोबर आहे ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर ज्या तुकड्यात होतं तो ब्लॉकमध्ये मेणात बंद होता. शेवटी दुसऱ्यांदा गाठ काढावी लागली. या वेळी मी स्वतः ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि अर्धा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये मागून घेतला. कल्चर वाढलं. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नव्हता. मधले सगळे महिने त्या मुलीने चुकीच्या गोळ्या खाण्यात घालवले.

सर्जन मित्र म्हणतात, गाठ क्षयाची की लिम्फोमाची, हे आधी कसं कळणार? अहो, कळत नाही म्हणूनच तर! लिम्फोमासाठी फॉर्मालिनमधला अर्धा लागेल, क्षयासाठी सलाईनमधला अर्धा. एकाच गाठीत दोन्ही शक्यता आहेत. सुरीचा एक काप जास्त द्यायचा, बस.

आता कर्करोगाकडे येतो. इथे फॉर्मालिन हवंच, पण कसलं? अनेक ठिकाणी फॉर्मालिनमध्ये नळाचं पाणी ओततात आणि तेच वापरतात. ते ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं, डीएनएचे तुकडे पडतात. शिवाय डीएनएमधल्या सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि यंत्र त्याला थायमिन समजून वाचतं. रुग्णाच्या गाठीत कधी नसलेला बदल अहवालात उमटतो. यावरचा उपाय आपल्या प्रत्येकाच्या पाठ्यपुस्तकात आहे. एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी, आणि लिटरमागे बफर म्हणून सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, एक ४ ग्रॅम, दुसरा साडेसहा ग्रॅम. तुकड्याच्या निदान दहापट द्रावण. रुंद तोंडाची बाटली, कारण अरुंद तोंडातून आत कोंबलेला तुकडा कडक झाला की बाहेर येत नाही. फॉर्मालिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं, म्हणून मोठा स्तन किंवा जबडा चिरा न देता बुडवून ठेवला तर आतला गाभा सडतो. आणि हाडातला तुकडा मऊ करायला नायट्रिक आम्ल वापरलं तर डीएनए संपलाच. तिथे ईडीटीए वापरा, वेळ लागू द्या.

हे मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर बोलत असतो तर ठीक होतं. अध्यक्षीय भाषणात बोलावं लागतंय, याचं मला दुःख आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक रुग्ण. शिक्षक, विडी-सिगारेटला कधी शिवलेले नाहीत. अशा माणसात ईजीएफआर जनुकातला बदल सापडण्याची चांगली शक्यता असते, आणि सापडला तर गोळीवर उपचार होतो. बायोप्सीची बाटली दिवाळीच्या सुट्टीत एका कपाटावर राहिली. द्रावणाला बफर नव्हता. तुकडा महानगरातल्या प्रयोगशाळेत गेला, घरच्यांनी उसने पैसे काढून तपासणी केली, आणि अहवाल आला: डीएनए पुरेसा नाही. तोवर त्यांना धाप इतकी लागत होती की दुसऱ्यांदा सुई घालायला कोणी धजावलं नाही. मोजकी जनुकं की संपूर्ण क्रम, या वादाचं त्या माणसाच्या बाबतीत उत्तर काय द्यायचं, ते मला सांगा.

करोनाच्या काळात हेच राज्य उत्तम वागलं. स्वॅब कुठून घ्यायचा, नळीत कोणतं द्रावण, बर्फाच्या पेटीत किती वेळ, नळीवर कोणती नोंद, हे तालुक्यातल्या टेक्निशियनला तोंडपाठ होतं. म्हणून तर इथल्या नमुन्यांतून विषाणूचा नवा वंश ओळखता आला. ती शिस्त लाट ओसरली तशी ओसरली, कारण ती ज्यांच्या हातात होती ती मुलं कंत्राटावर होती. त्यांतली एक टेक्निशियन मुलगी मला चांगली आठवते. प्रत्येक बाटलीवर तुकडा काढल्याची वेळ आणि द्रावणात टाकल्याची वेळ लिहायची, दोन्ही. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या बाटल्या उघडताना मला कधी शंका आली नाही. कंत्राट संपलं आणि ती घरी गेली. त्याच वर्षी, ती जिथे काम करायची त्या संस्थेने काही कोटींचं यंत्र घेतलं आणि फीत कापली.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. जन्मभर एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकातून जे दिसलं नाही, ते हे यंत्र दाखवतं, आणि ते पाहायला मिळालं हे भाग्य समजतो. म्हणूनच त्याच्या तोंडी सडलेला तुकडा दिलेला मला सहन होत नाही.

परिषदेने काय करावं? नमुना घेण्याची मराठीतली एक पानी मार्गदर्शिका काढावी आणि ती प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लागावी. टेक्निशियनच्या कायम नेमणुकांसाठी शासनाकडे शिष्टमंडळ न्यावं. सर्जनांच्या संघटनेशी बोलणी करावीत. तपशील नवी कार्यकारिणी ठरवेल.

एक ठराव मात्र मी आज दुपारच्या सत्रात मांडणार आहे. निदान न झालेली प्रत्येक गाठ काढल्यावर तिचा अर्धा भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, अर्धा बफर केलेल्या फॉर्मालिनमध्ये पाठवावा आणि बाटलीवर वेळ लिहावी. वेळ लिहिलेली नसेल तर अहवालात तसं स्पष्ट नोंदवायला आपण सर्वांनी सुरुवात करावी. सूचक मी आहे. अनुमोदनासाठी सभागृहात बसलेल्या सर्जन मित्रांपैकी कोणीतरी पुढे यावं, अशी माझी विनंती आहे.