दोन काल्पनिक जगें

संगणकावरील खेळ म्हटला कीं, अजूनहि पुष्कळ घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. बंद दाराआडून तलवारींचा खणखणाट ऐकूं येतो, दिवा रात्रीं दोन वाजेपर्यंत जळत असतो, आणि कॉलेजांत जाणारा मुलगा सकाळीं तांबारलेल्या डोळ्यांनीं चहाला येतो. एवढ्या पुराव्यावर निकाल दिला जातो, आणि तो बहुधा एकतर्फी असतो. कारण दाराआड काय चाललें होतें याची चौकशी कोणी केलेली नसते. या खेळांपैकीं पुष्कळसे केवळ बोटांची कसरत होत, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु कांहींची जातच निराळी आहे. त्यांत डोंगर, नद्या, गांवें, बाजार, राजे, भिकारी यांसह एक संपूर्ण देश उभा केलेला असतो, आणि खेळणारा मनास येईल त्या दिशेनें त्यांत चालूं लागतो. त्याला ठराविक वाट नाहीं. कादंबरीचीं पानें जणूं त्याच्या पावलांनीं उलटतात.

या जातीचे दोन खेळ विशेष गाजले. पहिला 'स्कायरिम'. हा अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत रॉकव्हिल येथें असलेल्या बेथेस्डा गेम स्टुडिओज या मंडळीनें टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखालीं ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध केला. १९९४ पासून चालत आलेल्या 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेंतील हा पांचवा ग्रंथ म्हणावयास हरकत नाहीं. दुसरा 'द विचर ३ : वाइल्ड हंट'. पोलंडची राजधानी वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या मंडळीनें तो १९ मे २०१५ रोजीं बाहेर काढला. २०२३ सालापर्यंत पहिल्याच्या ६ कोटींहून अधिक, तर दुसऱ्याच्या ५ कोटी प्रती खपल्याचें त्या त्या कर्त्यांनीं जाहीर केलें. दोहोंतहि तलवार आहे, मंत्र आहेत, राक्षस आहेत, घोडा आहे. वरवर पाहणारास हे दोन जुळे भाऊ वाटावे. पण दोघांचा स्वभाव मात्र अगदीं भिन्न आहे.

तो भेद प्रारंभींच दिसून येतो. स्कायरिममध्यें खेळणारा डोळे उघडतो तो एका बैलगाडीसारख्या उघड्या गाडींत, हात बांधलेल्या कैद्याच्या रूपानें. गाडी वधस्तंभाकडे चालली आहे. तेथें यादी वाचणारा शिपाई त्याच्यापाशीं थांबतो व विचारतो, "तूं कोण?" या प्रश्नाचें उत्तर खेळणारानेंच द्यावयाचें असतें. दहा वंशांतून एक वंश, स्त्री कीं पुरुष, नाक, डोळे, नांव, सारें त्याच्या इच्छेवर. विचरमध्यें हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तेथें नायक ठरलेला आहे : गेराल्ट नांवाचा, पांढऱ्या केसांचा, मोबदला घेऊन पिशाच्चें व हिंस्र राक्षसी प्राणी मारणारा भटक्या. त्याला भूतकाळ आहे, जुने मित्र आहेत, जुनें प्रेम आहे, आणि मुलीसारखी वाढविलेली सिरी आहे. एका खेळांत मनुष्य कोऱ्या पाटीनें प्रवेश करितो, दुसऱ्यांत तो नात्यागोत्यांसह जन्माला येतो.

स्कायरिमची सारी मौज या कोऱ्या पाटींत आहे. तेथें विद्या उपयोगानें वाढते. एकंदर अठरा कौशल्यें आहेत. जो धनुष्य चालवील त्याची नेमबाजी सुधारेल, जो भट्टीपुढें बसेल तो लोहार होईल, जो वनस्पति चाखून पाहील त्याला त्यांचे गुण कळतील. अभ्यासानें विद्या येते हें शाळेंतील जुनेंच सूत्र येथें यंत्रांत बसविलें आहे. गांवांतील माणसांना दिनचर्या आहे : व्हाइटरन शहरांतील लोहारीण दिवसा भट्टीपाशीं राबते व रात्रीं घरीं निजते. शेल्फांवर शेंकडों पुस्तकें ठेविलेलीं असून तीं खरोखर उघडून वाचतां येतात. त्यांत त्या देशाचा इतिहास, धर्म, दंतकथा, इतकेंच नव्हे तर थट्टेचें वाङ्मयहि आहे. मुख्य कथानक आहे तें जगाचा ग्रास करूं पाहणाऱ्या आल्डुइन या महासर्पाचें. पण तें बाजूस सारून कोणी महिनोन् महिने फुलें वेंचीत, घर बांधीत, लग्न करून संसार थाटीत राहिला, तरी त्याला अडविणारें कोणी नाहीं. दूर एखादें शिखर दिसलें तर तें केवळ पडद्यावरचें चित्र नसतें. बहुधा तेथपर्यंत चालत जातां येतें, आणि वाटेंत कांहीं तरी नवें सांपडतेंच. कुतूहलाला असें मोकळें रान क्वचितच मिळालें असेल.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतहि आहे. जेथें माणूस कांहींहि होऊं शकतो, तेथें कांहीं झाल्याचें महत्त्व उरत नाहीं. जादूच्या महाविद्यालयाचा प्रमुख झालेला खेळाडू दुसऱ्याच दिवशीं चोरांच्या टोळीचा नायक बनतो, आणि त्याला कोणी जाब विचारीत नाहीं. त्या देशांत यादवी युद्ध चालू आहे. एका बाजूस साम्राज्य, दुसऱ्या बाजूस उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक याचें बंड. आणि दोन्ही पक्षांचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. साम्राज्यानें तहाच्या अटीखातर लोकांच्या एका दैवताची पूजा बंद केली; उलट स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या बंडखोरांच्याच राजधानींत परक्या वंशाच्या लोकांना गलिच्छ वस्तींत दिवस काढावे लागतात. प्रश्न खोल आहे, पण उत्तराचा परिणाम उथळ. कोणताहि पक्ष जिंको, शहरांचे अधिपति व पहारेकऱ्यांचे गणवेष बदलतात. जीवनाचा प्रवाह मात्र होता तसाच वाहत राहतो.

विचरचें बळ नेमकें येथें आहे. त्याचें मूळ ग्रंथांत आहे. आन्जेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाची या नायकावरील पहिली कथा १९८६ सालीं एका मासिकाच्या स्पर्धेंत आली, पुढें कथासंग्रह व कादंबऱ्या झाल्या, आणि खेळाच्या कर्त्यांनीं त्यांतील माणसें उचललीं. त्यामुळें येथें माणसें बोलतात तीं एखाद्या चांगल्या कादंबरींतल्यासारखीं. वेलेन नांवाचा, युद्धानें उजाड झालेला दलदलीचा एक मुलूख आहे. तेथील एका बॅरनची बायको व मुलगी नाहींशा झाल्या आहेत. त्यांचा शोध लावला तर सिरीची हकीकत सांगेन, असा त्याचा करार. शोध करतां करतां कळतें कीं, हा मनुष्य दारूच्या नशेंत बायकोला मारीत होता, त्या भांडणांत तिचा गर्भ गेला, आणि संस्कारावांचून पुरलेलें तें मूल पिशाच्च होऊन भटकत आहे. गेराल्टनें तोडगा सांगितला तर त्या बापाला तें भयंकर रूप स्वतःच्या हातांवर घेऊन, नांव देऊन, घराच्या उंबऱ्याखालीं पुरावें लागतें. हा मनुष्य दुष्ट कीं दुःखी, याचा निर्णय खेळ देत नाहीं. तो पाहणाऱ्यावर सोपवितो.

याच प्रकरणांत एका झाडाखालीं कोंडलेला आत्मा मुक्ततेची याचना करितो. त्याला सोडलें तर दलदलींतील चेटकिणींच्या तावडींतलीं अनाथ मुलें वांचतात. पण एक गांव उध्वस्त होतें, बॅरनची बायको मरते, आणि तो गळफास घेतो. न सोडतां मारलें तर बायको भ्रमिष्ट अवस्थेंत कां होईना जिवंत राहते व बॅरन तिला उपचारासाठीं दूर घेऊन जातो. पण मुलें जातात. परिणाम लगेच दिसत नाहीं. पुष्कळ वेळानें दिसतो, जेव्हां मागें फिरण्याची सोय उरलेली नसते. पुण्याच्या मापानें पाप मोजून देणारा तराजू येथें कोठेंच टांगलेला नाहीं.

याहून मार्मिक आहे तो शेवट. सिरी परत येईल कीं कायमची नाहींशी होईल, हें गेराल्टच्या तलवारीवर अवलंबून नाहीं. तें अवलंबून आहे त्यानें तिच्याशीं केलेल्या बारीकसारीक वर्तनावर. गुरूच्या मृत्यूनें ती खचून बसलेली असतां त्यानें पेला पुढें करून तिची समजूत घातली, कीं तिला बाहेर नेऊन बर्फाचे गोळे मारण्याचा खेळ मांडला? जादूगार स्त्रियांच्या मंडळापुढें तो काळजीपोटीं तिच्याबरोबर गेला, कीं तिला एकटीला जाऊं दिलें? अशा कांहीं प्रसंगांचा जमाखर्च शेवटीं मांडला जातो. तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या बापाकडे ती परतते. फार जपणाऱ्या बापाकडे परतत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें जाहीर झालेल्या चौथ्या विचरमध्यें तर सिरी स्वतःच नायिका आहे.

विचर निर्दोष आहे असें मात्र नव्हे. मुलगी जिवाच्या संकटांत असतां बाप खाणावळींत पत्ते कुटीत बसूं शकतो, ही विसंगति हंसूं आणते. नकाशावर पेरलेलीं प्रश्नचिन्हें, विशेषतः स्केलिगा बेटांभोवतींच्या समुद्रांतील, शोधतांना कंटाळा येतो. तेथें स्कायरिमच्या आडवाटेची गोडी नाहीं. आणि गेराल्टला सोडून दुसरें कोणी होण्याची इच्छा असेल, तर त्या इच्छेला येथें वाव नाहीं. स्कायरिमच्या कर्त्यांनीं फेब्रुवारी २०१२ मध्यें आपलीं रचनेचीं हत्यारें खेळणारांच्या हातीं दिलीं, आणि हौशी लोकांनीं त्यांत नवे प्रदेश व नव्या कथा रचल्या. ज्याला स्वतः कांहीं घडवावयाचें आहे त्याला तेंच जग जवळचें.

तेव्हां श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला एका शब्दांत उत्तर देणें योग्य नव्हे. स्कायरिम विचारतो, "तुला काय व्हावयाचें आहे?" विचर विचारतो, "जो तूं आहेस, त्यानें आतां काय करावें?" पहिला प्रश्न विशीच्या उंबरठ्यावरील तरुणाला भुरळ घालणारा आहे, दुसरा त्याला पुढें जन्मभर पुरणारा आहे. कथा म्हणून विचर उजवा, भ्रमंतीचा देश म्हणून स्कायरिम उजवा. आणि दोहोंतून एकच निवडावयाचा झाला, तर ज्या खेळांत केलेल्या कृत्याचें ओझें कर्त्याच्या खांद्यावर राहतें, त्याला झुकतें माप देणें रास्त होईल.

एक गोष्ट मात्र घरच्यांनीं ध्यानांत ठेवावी. युरोपांतील वर्गीकरणांत दोन्ही खेळांवर १८ वर्षांचा शिक्का आहे, आणि तो उगाच नाहीं. रक्तपात दोहोंत आहे, विचरमध्यें शृंगारहि उघडा आहे. शाळकरी मुलांच्या हातीं ते देऊं नयेत. पण जाणत्या मुलाच्या दारावर थाप मारतांना "किती वाजले?" या प्रश्नाआधीं "त्या बॅरनचें तूं काय केलेंस, आणि कां?" असें विचारून पाहावें. दिवा कदाचित् त्या रात्रीं लौकर मालवणार नाहीं. परंतु दार उघडेल, आणि वडिलांना मुलाच्या न्यायबुद्धीची जी ओळख परीक्षेच्या निकालपत्रावरून कधीं झाली नसेल, ती त्या उत्तरावरून होईल.